‘खाजवू नकोस’ हा काही इलाज नव्हे

रात्रीचे दोन-अडीच वाजलेले असायचे. बाहेर रिक्षाचाही आवाज नाही. अशा वेळी अंधारात नखांची ती खरखर सुरू व्हायची. आमची धाकटी लेक झोपेतच कोपराची लवण खाजवत असायची. आधी आम्ही हळूच तिचा हात धरायचो. मग ‘बेटा, खाजवू नकोस’ म्हणायचो. मग ओरडायचो. एका रात्री तिच्या हातावर चापटही बसली. सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसले, तेव्हा आम्हा दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.

त्यानंतर काही रात्री खरखर ऐकू आली नाही. आम्हाला वाटले, फरक पडला. खरे कारण पुढे कळले. ती पांघरुणात तोंड खुपसून खाजवत होती. बाथरूमचे दार लावून खाजवत होती. शाळेत बाकाखाली हात घेऊन खाजवत होती. सात वर्षांची पोर आजार लपवायला शिकली होती, आणि ते तिला आम्हीच शिकवले होते.

आमच्या लेकीला इसब आहे. डॉक्टरांच्या भाषेत अटॉपिक डर्माटायटिस. आज ती नऊ वर्षांची आहे. आजार पूर्ण गेलेला नाही, पण अल्हम्दुलिल्लाह, घर रात्री झोपते. मधल्या दोन वर्षांत आम्ही जे शिकलो, त्यातले बरेचसे आधीच कुणी सांगितले असते तर तिचा पुष्कळ त्रास वाचला असता. ज्या घरांत आज अशीच एखादी रात्र चालू असेल, त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत.

आधी ओळख पटवा

आपल्याकडे अंगाला खाज सुटली की सगळ्याला एकच नाव आणि एकच मलम. पण खाज हे लक्षण आहे, आजाराचे नाव नव्हे. चार नेहमीचे आजार तरी वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत.

खरूज एका अतिसूक्ष्म किड्यामुळे होते. तो कातडीत बोगदे करून राहतो. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबी आणि कमरेभोवती बारीक पुरळ येते आणि रात्री खाज असह्य होते. घरातल्या दोघा-तिघांना एकदम खाज सुटली असेल, तर पहिला संशय खरजेचा घ्यावा. ती संसर्गाने पसरते. म्हणून खाज असो वा नसो, घरातल्या सर्वांनी डॉक्टरांनी दिलेले औषध एकाच वेळी लावावे लागते आणि कपडे, चादरीही धुवाव्या लागतात.

गजकर्ण किंवा नायटा बुरशीमुळे होतो. गोल चट्टा, कडा उचललेली, मधला भाग त्यामानाने स्वच्छ. जांघेत, कमरेवर, काखेत जास्त. तोही एकाचा दुसऱ्याला लागतो.

अंगावर पित्त उठणे वेगळे. गांधी उठतात, खूप खाजतात, पण एकेक गांध साधारण चोवीस तासांच्या आत विरते आणि मागे खूण राहत नाही.

इसब या तिन्हींपेक्षा निराळा. त्वचा मुळातच कोरडी असते. तान्ह्या बाळाच्या गालांवर तो सुरू होतो आणि मूल मोठे झाले की कोपरांच्या व गुडघ्यांमागच्या लवणींत, मानेवर, मनगटांवर सरकतो. बहुतेकांना पाचव्या वर्षाआधीच सुरुवात झालेली असते. काही आठवडे बरे, मग पुन्हा भडका, असे त्याचे चक्र असते. घरात कुणाला दमा, कुणाला सकाळच्या शिंका, असा वारसाही अनेकदा आढळतो. आमच्याकडे तसेच निघाले. लेकीच्या अम्मीला लहानपणी दमा होता आणि अब्बूंच्या शिंका फजरपासून सुरू होतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इसब कुणाच्या अंगावरून कुणाला लागत नाही. एका ताटात जेवल्याने नाही, एका अंथरुणात झोपल्याने नाही, जमातीत खांद्याला खांदा लावल्यानेही नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांबाबत एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. अंगावर काही न दिसता सर्वांगाला महिनोन्महिने खाज येत असेल, तर ती मधुमेह, मूत्रपिंड, यकृत किंवा थायरॉइडच्या दुखण्याचीही खूण असू शकते. तिथे मलम चोळत बसू नये, रक्ताची तपासणी करून घ्यावी.

विटा, गिलावा आणि गळती

आम्हाला पहिल्यांदा नीट समजावून सांगितले ते सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागातल्या एका डॉक्टरबाईंनी. बाहेर ही मोठी रांग होती, तरी त्यांनी कागदावर एक भिंत काढली. म्हणाल्या, “त्वचेचा सर्वांत वरचा थर असा असतो. पेशी म्हणजे विटा, त्यांच्यामधली चरबी म्हणजे गिलावा. तुमच्या मुलीच्या भिंतीचा गिलावा कमी पडलाय. आतला ओलावा बाहेर उडून जातो आणि बाहेरची धूळ, साबण, घाम, जंतू आत शिरतात. शरीराचे पहारेकरी चवताळतात आणि आग लागते. ती आग म्हणजे हा इसब.”

ही भिंत कच्ची का राहते, याचे एक मोठे कारण २००६ साली उजेडात आले. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठातील संशोधकांच्या चमूने दाखवून दिले की, त्वचा घट्ट आणि ओलसर ठेवणाऱ्या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असला, तर इसब होण्याचा धोका खूप वाढतो. प्रत्येक रुग्णात हाच दोष असतो असे नाही. पण या शोधामुळे एक गोष्ट पक्की झाली. ‘रक्त खराब आहे’, ‘पोटात उष्णता आहे’, ‘आईने गरोदरपणी काहीतरी खाल्ले’ या साऱ्या बोलण्यात तथ्य नाही. आमच्या घरात हे शेवटचे वाक्य बरेच दिवस कुणाच्या ना कुणाच्या तोंडी होते. ते ज्या बाईला ऐकावे लागते, तिचे तिलाच ठाऊक.

एक्झिमा हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचा अर्थ उकळून बाहेर येणे, म्हणजे आपले उतू जाणे. दूध उतू जाताना बाई आधी गॅस बारीक करते, नुसती दुधाला दटावत नाही. आम्ही मात्र लेकीला दटावत होतो.

खाजवणे थांबवणे तिच्या हातात का नव्हते, हेही तेव्हाच कळले. खाजवल्याने जी थोडी वेदना होते, ती क्षणभर खाज दाबते, म्हणून बरे वाटते. पण नखांनी भिंत आणखी फुटते, दुखावलेल्या पेशी आणखी खाज आणणारी रसायने सोडतात आणि दहा मिनिटांनी खाज दुप्पट होऊन येते. खाज, खाजवणे, पुन्हा खाज. रात्री पांघरुणात अंग तापते, त्वचेतला ओलावा जास्त उडतो आणि मन गुंतवायला दुसरे काही नसते, म्हणून हे चक्र रात्री जोरात फिरते. झोपेतल्या मुलाला ‘सब्र कर’ सांगून ते थांबत नाही.

तीन चुका, तिन्ही आमच्याच

पहिली चूक ट्यूबची. डॉक्टरकडे जायचे सोडून आम्ही नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवरच्या भल्या माणसाने चट्टा न पाहताच एक ट्यूब काढून दिली. “बुरशी, जंतू, खाज, सगळ्यावर एकच.” तीन दिवसांत जादू झाल्यासारखा हात स्वच्छ झाला. ट्यूब बंद केली, आठवड्यात इसब परतला, आधीपेक्षा जोरात. पुन्हा ट्यूब. असे वर्षभर चालले. कोपराच्या लवणीतली कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ झाली, आतल्या शिरा दिसू लागल्या, तेव्हा आम्ही घाबरलो.

अशा मिश्र मलमांत बहुधा क्लोबेटासॉलसारखे, सर्वांत तीव्र गटातले स्टेरॉइड असते. ते योग्य जागी, योग्य दिवसांपुरते उपयोगी औषध आहे. पण मुलाच्या नाजूक लवणीत किंवा चेहऱ्यावर महिनोन्महिने लावले, तर कातडी पातळ होते, फाटल्यासारखे पट्टे उमटतात, चेहऱ्यावर पुरळ आणि लव येते. गजकर्णावर लावले, तर खाज दबते आणि बुरशी खाली निवांत पसरत राहते. आज आपल्याकडे जुनाट, हट्टी गजकर्णाचे जे पीक आले आहे, त्यात या ट्यूबांचा वाटा मोठा आहे, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम कागदावर आहे. तो पाळून घेणे थोडे आपल्याही हातात आहे. चिठ्ठीशिवाय ट्यूब मागूच नये.

दुसरी चूक पथ्याची. आम्ही मूळचे कोकणातले. आमच्या घरात मासळीशिवाय जेवण म्हणजे जेवणच नव्हे. दादींनी सांगितले, मासळी बंद, अंडी बंद, वांगे बंद, दूध बंद. प्रेमापोटीच सांगितले. चार महिने पोरगी वरण-भात आणि बटाट्यावर राहिली. इसब जिथल्या तिथे, वजन मात्र दोन किलोने उतरले. काही लहान मुलांना विशिष्ट पदार्थाची खरी ॲलर्जी असते, हे खरे. तो पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात ओठ सुजतात, गांधी उठतात, उलटी होते. अशी खूण दिसली तर डॉक्टर तपासणी करून तेवढा एक पदार्थ बंद करतात. केवळ संशयावरून वाढत्या अंगाचे अन्न तोडू नये. आता लेक बांगडाही खाते आणि कोळंबीही.

तिसरी चूक सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण ती श्रद्धेला लागून आहे. जैतूनच्या तेलाला आपल्या घरांत मान आहे. कुरआनात त्या झाडाला बरकतीचे झाड म्हटले आहे. म्हणून आम्ही महागडी बाटली आणून रोज लेकीच्या चट्ट्यांवर चोळत होतो. पुढे समजले की, इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठातल्या एका अभ्यासात, जो २०१३ साली प्रसिद्ध झाला, प्रौढांच्या त्वचेवर चार-पाच आठवडे जैतूनचे तेल लावून पाहिले होते. त्याने त्वचेची भिंत कमजोर झाली. सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. मोहरीचे तेलही इसबाच्या त्वचेला जाचते. याउलट फिलिपाइन्समध्ये मुलांवर झालेल्या चाचणीत शुद्ध खोबरेल तेलाचा चांगला उपयोग दिसला. यात जैतूनचा मान कुठेच कमी होत नाही. ते तेल आम्ही आजही घरात आणतो आणि खातो. पण बरकतीची वस्तूही तिच्या जागी शोभते, आणि फुटलेली कातडी ही तिची जागा नव्हे. कडुलिंबाच्या पाल्याचे पाणी, हळदीचा लेप, लिंबू, मीठ-पाणी हेही उघड्या चट्ट्यावर जळजळ करतात. करून पाहिले, म्हणून सांगतो.

औषधाची भीती आणि औषधाचे माप

ट्यूबने हात पोळल्यावर आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. स्टेरॉइड हा शब्द ऐकला तरी नको म्हणायचो. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “सुरीने बोट कापले म्हणून तुम्ही कांदा चिरायचे सोडत नाही. ताकद किती, जागा कोणती, दिवस किती, हे ठरवून लावले तर हेच औषध मुलीला झोप देईल.” चेहऱ्यासाठी सौम्य, हातापायांसाठी मध्यम, भडका शमेपर्यंतच, असा हिशेब त्यांनी लिहून दिला. पापण्या आणि मानेसारख्या नाजूक जागी स्टेरॉइड नसलेले टॅक्रोलिमस मलम दिले. भडका शमल्यावरही जिथे इसब हटकून उगवतो तिथे आठवड्यातून दोनच दिवस औषध लावायला सांगितले, म्हणजे आग पेटायच्या आधीच विझते. प्रत्येक मुलाचा हिशेब वेगळा असतो. आमचा कुणी उचलू नये, आपला आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

किती लावायचे, याचे माप मात्र सर्वांना उपयोगी आहे. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये ते मांडले. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जेवढी रेघ येते, ते एक माप. साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाचे दोन तळवे बोटांसकट झाकतील एवढ्या जागेला ते पुरते. भीतीपोटी याहून कमी लावले, तर औषध काम करत नाही आणि दिवस उगाच लांबतात.

खाजेवर सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्यांबद्दलही आमचा गैरसमज होता. त्या पित्त उठण्यावर चांगल्या चालतात. इसबाच्या खाजेत त्यांचे फारसे चालत नाही, कारण ही खाज प्रामुख्याने वेगळ्या रसायनांमुळे होते. गुंगी आणणारी गोळी डॉक्टर कधी चार रात्री झोपेसाठी देतात, तेवढाच तिचा उपयोग.

रोजचा गिलावा

खरा इलाज मात्र औषधाच्या कपाटात नाही, रोजच्या आंघोळीत आहे. भिंतीचा गिलावा रोज गळतो, तो रोज लावायचा. आमच्या घरात आता हा क्रम ठरला आहे.

आंघोळ रोज, पण कोमट पाण्याने आणि पाच-दहा मिनिटांत. कढत पाणी खाजेला क्षणभर बरे वाटते आणि मागाहून त्वचा आणखी कोरडी करते. सुवासिक साबण बंद. बिनवासाचा सौम्य क्लेन्झर, तोही घामाच्या जागीच. घासणी, वज्री, उटणे काही नाही. अंग पुसायला जुना मऊ पंचा, आणि पुसायचे म्हणजे टिपायचे, घासायचे नाही.

अंग किंचित ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर सर्वांगाला लावायचे. नुसत्या चट्ट्यांवर नव्हे. हात वरून खाली, केसांच्या दिशेने फिरवायचा. निदान दिवसातून दोनदा, आणि चट्टा बरा दिसत असला तरी. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत इसब असलेल्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर सांगितले आहे. आकडा ऐकून आम्ही चाट पडलो. आम्ही महिनाभरात एक छोटी बाटली पुरवून पुरवून वापरत होतो! महागड्या बाटल्या परवडत नसतील तर साधी, बिनवासाची पांढरी पेट्रोलियम जेली आणि लिक्विड पॅराफिन स्वस्तात मिळते आणि काम उत्तम करते. डबीत बोटे घालू नयेत, स्वच्छ चमच्याने काढावे. अशा चिकट मलमांनी माखलेले कपडे लवकर पेट घेतात, तेव्हा गॅस आणि मेणबत्तीपासून सांभाळावे.

कपडे सुती आणि सैल. लोकर थेट अंगाला लागू द्यायची नाही. नवा कपडा आधी धुऊन घ्यायचा आणि पावडरीचा अंश राहू नये म्हणून एकदा जास्त खळबळायचा. नखे दर जुम्याला कापायची ही आपली सवय आहेच, इथे तिचा दुहेरी फायदा होतो.

ऋतूंप्रमाणे थोडा फेर लागतो. नोकरीमुळे आम्ही पुण्यात राहतो. थंडीत हवा कोरडी, म्हणून घट्ट मलम. मेमध्ये गावी कोकणात गेलो की घामाच्या धारा. तिथे हलके लोशन, दुपारी साध्या पाण्याने अंग धुणे आणि पुन्हा लोशन.

आणि खाज आलीच तर? ‘नको’ म्हणण्याऐवजी हाताला दुसरे काम द्यायचे. फ्रिजमध्ये ठेवलेले मॉइश्चरायझर लावायचे, ओला गार रुमाल ठेवायचा, नखांऐवजी तळव्याने दाबायचे. आम्ही फ्रिजच्या दारात एक डबी तिच्या नावाने ठेवली आहे.

वुजू, रोजा आणि ईद

दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्या माणसाला इसब असला, तर पाण्याने त्वचा आणखी कोरडी होईल का, हा प्रश्न आम्हालाही पडला. साधे पाणी मारक नाही. ओली त्वचा तशीच वाऱ्यावर सुकू देणे मारक आहे. वुजू झाला की टिपून लगेच हातापायांना हलके मॉइश्चरायझर लावावे. पाच वुजू म्हणजे गिलावा लावायच्या पाच आठवणी, असे आमची लेकच म्हणते. त्वचेत मुरलेला तेलकटपणा आणि पाणी अडवणारा घट्ट थर यांत आलिम फरक करतात. म्हणून वुजूआधी जाड मलम टिपून घ्यावे आणि शंका असेल तर आपल्या मसलकच्या आलिमांना विचारावे. त्वचा चिरलेली, पू झालेली आहे आणि पाणी लावू नका असे डॉक्टरांनी सांगितले आहे, अशा आजाऱ्यासाठी कुरआनानेच तयम्मुमची वाट ठेवली आहे. ती सवलत घेताना मनात अपराधीपणा नको.

रमजानमध्ये बरेच जण मलम लावणे थांबवतात आणि ईदपर्यंत अंग सोलून निघते. त्वचेवर मलम लावल्याने रोजा तुटत नाही. लावत राहावे. गोळ्या चालू असतील तर सहरी-इफ्तारच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्याव्यात.

ईदला मेंदी हवीच. पण झटपट काळा रंग देणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त केसांच्या डायमधले रसायन मिसळलेले असते. त्याने फोड येऊन आयुष्यभराची ॲलर्जी जडू शकते. साधी पाल्याची मेंदी, तीही बऱ्या त्वचेवरच. अत्तर अंगाला न लावता कपड्याला लावावे. स्कार्फच्या पिना आणि खोट्या दागिन्यांतले निकेल मानेवर, कानांवर खाज आणते. तिथे बटणे किंवा बिनपिनेचा स्कार्फ बरा.

हे दिसले की थांबू नका

चट्ट्यावर मधासारखी पिवळी खपली धरली, पू आला किंवा आजूबाजूची त्वचा गरम आणि दुखरी झाली, तर जंतुसंसर्ग झाला आहे. इसबावर अचानक एकसारखे, दुखरे फोड उठले, मधे खळगा असलेले, आणि सोबत ताप आला, तर तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, रात्र काढू नये. आणि नीट उपचार करूनही मूल झोपत नसेल, तर आज पुढच्या पायरीची औषधे आहेत. ‘आता काही उरले नाही’ असे समजू नये.

आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर इसबाची लाली लाल दिसत नाही, जांभळट किंवा राखाडी दिसते, म्हणून आजार कमी वाटू शकतो. बरा झाल्यावर काळे किंवा फिकट डाग राहतात. ते कोड नव्हेत. बहुतेक डाग काही महिन्यांत आपोआप विरतात. डागांसाठी गोरेपणाची क्रीम लावणे म्हणजे पुन्हा त्याच ट्यूबच्या जाळ्यात जाणे.

लोकांचे बोलणे

कातडीचा आजार लपत नाही, हीच त्याची मोठी शिक्षा. वर्गात तिच्याशेजारी बसणारी मुलगी जागा बदलून गेली. एका लग्नात एका खालांनी सर्वांदेखत विचारले, “हे काय गं, पुढे स्थळ कसं येणार?” पोर सात वर्षांची होती. त्या दिवसापासून उन्हाळ्यातही ती पूर्ण बाह्यांचा झगा मागू लागली.

आम्ही शाळेत जाऊन बाईंना भेटलो. डॉक्टरांची चिठ्ठी दिली. बाईंनी वर्गात सांगितले की हे लागत नाही, आणि तिला मधल्या सुट्टीत लोशन लावायची मुभा दिली. पाच मिनिटांचे काम होते. दोन वर्षे आम्ही ते केले नव्हते, लाजेपोटी. नातेवाइकांना उत्तर द्यायलाही शिकलो. ‘इसब आहे, लागत नाही, इलाज चालू आहे.’ एवढेच, आवाज न चढवता. नजर लागली म्हणणाऱ्यांशी वाद घालत नाही. दुआ आमच्याही ओठांवर असते. पण दुआ करून ट्यूब, पथ्य आणि दटावणी यांच्या भरवशावर राहणे म्हणजे तवक्कुल नव्हे.

रेशमाची ती सवलत

हदीसच्या ग्रंथांतली एक गोष्ट आम्ही पूर्वी अनेकदा ऐकली होती, पण तिचा अर्थ या दोन वर्षांत उमगला. पुरुषांना रेशीम वापरण्यास मनाई आहे, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आणि हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) या दोन थोर सहाबींना रेशमी सदरा वापरण्याची परवानगी दिली. कारण एकच, त्यांच्या अंगाला खाज होती. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम, दोन्ही संग्रहांत ही नोंद आहे.

आजच्या वैद्यकाने रेशमी कपड्यांचीही परीक्षा घेतली आहे. ब्रिटनमध्ये इसब असलेल्या ३०० मुलांवर झालेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांसोबत खास रेशमी कपडे घालून जास्तीचा फायदा दिसला नाही. तेव्हा कुणी रेशीम विकत घ्यायला धावू नये. आम्हाला त्या गोष्टीतून दुसरेच काही मिळाले. ते दोघे युद्धांत तावून-सुलाखून निघालेले वीर होते. त्यांना कुणी म्हटले नाही की, एवढ्याशा खाजेचे काय घेऊन बसलात. कुणी सब्राचा उपदेश केला नाही. त्यांचा त्रास खरा मानला गेला आणि त्यासाठी नियमाला वाट दिली गेली. आणि आम्ही मात्र सात वर्षांच्या पोरीला रात्री दोन वाजता सब्र शिकवत होतो.

गेल्या महिन्यात तिच्या परीक्षा होत्या. जागरण, घाम, ताण, सगळे एकदम आले आणि मानेवर पुन्हा भडका उठला. पूर्वी तिने तो ओढणीखाली दडवला असता. या वेळी रात्री अकराला ती स्वतः आमच्या खोलीत आली, दिवा लावला आणि म्हणाली, “अम्मी, खूप खाज येतेय.” अब्बूंनी फ्रिजमधली डबी आणली. दहा मिनिटे आम्ही तिघे पलंगावर बसून राहिलो, ती मान पुढे करून आणि आम्ही आळीपाळीने मलम लावत. मग ती तिथेच झोपली.